मेलॅनोक्रायसमची कुंडी आत्ता बदलू की दसऱ्यानंतर?

मुलुंड_पूर्वखिडकी

फिलोडेंड्रॉन मेलॅनोक्रायसम, मखमली पानांचं वर चढणारं झाड, ४ इंची पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत. उंची दीड फूट, सात पानं, सगळ्यात मोठं पान ९ इंची. आधाराला काथ्या गुंडाळलेली काठी आहे, दोन पेरांची हवाई मुळं तिला चिकटली आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेची. पाऊस नसेल तेव्हा सकाळी दीड-दोन तास कोवळं ऊन येतं.

अडचण अशी: तळाच्या भोकांतून दोन मुळं बाहेर आली आहेत, बाजूने मुळं गोल फिरलेली दिसतात. पण पाणी घातल्यावर नऊ-दहा दिवस कुंडी जडच राहते. तीन आठवड्यांत खालची दोन पानं पिवळी पडली. शेवटचं नवीन पान उलगडताना कडेला फाटलं. मिश्रण नर्सरीचंच, बारीक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दिसतंय.

विचारायचंय ते हे:
- ऑगस्ट संपत आलाय. आत्ता कुंडी बदलू की पाऊस ओसरून दसरा होऊ देऊ?
- परत परत मुळांना हात लावायला नको म्हणून थेट ८ इंची कुंडी घेतली तर चालेल का?
- मुंबईच्या हवेला मिश्रण कसं असावं? प्रमाण सांगा.
- काथ्याची काठी काढून मॉसचा (पाणी धरणाऱ्या, शेवाळासारख्या वनस्पतीचा) खांब लावायचाय. चिकटलेली मुळं तुटतील का?
- सोसायटीत आठवड्यातून दोनदा टँकरचं पाणी येतं. ते चालेल?

---

मुळाक्षर

थांबू नका, याच आठवड्यात करा. ४ इंची कुंडी मुळांनी खरंच भरलेली असेल तर पावसाळ्यातसुद्धा तीन-चार दिवसांत ती हलकी व्हायला हवी. मुळं दिसतायत पण पाणी संपत नाही, याचा अर्थ दिसणारी मुळं पीत नाहीत किंवा आतला गाभा कुजायला लागलाय. खालची दोन पानं लागोपाठ जाणं हीसुद्धा तीच खूण. खात्री करायची असेल तर कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि चार दिवस रोज सकाळी वजन लिहा. आकडा जेमतेम हलत असेल तर दसऱ्यापर्यंत उरलेली मुळंही जातील.

८ इंची अजिबात नको. व्यास दुप्पट आणि खोलीही दुप्पट, म्हणजे आत्ताच्या आठपट मिश्रण. एवढ्या ओलाव्यात मुळं पोचायला महिने लागतात आणि तोवर मधला सगळा भाग ओला आणि बिनहवेचा राहतो. ५ इंची घ्या. मुळं निम्म्याहून जास्त कुजलेली निघाली तर नवीन कुंडी विसरा, धुतलेल्या त्याच ४ इंचीत परत लावा. कुंडीचा आकार उरलेल्या मुळांवरून ठरतो, पानांवरून नव्हे. पारदर्शक प्लास्टिकच घ्या, मुळं आणि आतली वाफ दोन्ही दिसतात. बाजूच्या भिंतीला तापवलेल्या खिळ्याने खालून एक इंचावर सात-आठ भोकं पाडा. मातीची कुंडी पावसाळ्यात चांगली सुकते हे खरं, पण या जातीची मुळं तिच्या भिंतीला घट्ट धरतात आणि पुढच्या वेळी सोलवटून निघतात.

मिश्रण मापाने घ्यायचं, वजनाने नाही. १०० मिलीची वाटी धरा:
- नारळाच्या सोडणाचे तुकडे, हस्क चिप्स म्हणून मिळतात ते, एक-दीड सेंटिमीटरचे: ४ वाट्या
- जाड परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड): ३ वाट्या
- पाइनची साल: २ वाट्या
- लाकडी कोळसा, वाटाण्याएवढे तुकडे: १ वाटी
- चाळलेलं गांडूळखत: १ वाटी

मिसळल्यावर बारीक कण मोठ्यांच्या फटींत बसतात, त्यामुळे हातात लिटरभरच येतं. ५ इंचीला ते पुरतं. कोकोपीट यात मुद्दाम घातलेलं नाही. ओल्या हवेत ते स्पंजासारखं भरून बसतं आणि मुळांची हवा अडवतं. साल मिळाली नाही तर तेवढे हस्क चिप्स वाढवा. कोळसा साधा लाकडी हवा. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या विटांमध्ये बांधणीची द्रव्यं असतात, त्या नकोत. परलाइट ओलं करूनच हाताळा, कोरडं ओतलं की त्याची धूळ थेट छातीत जाते.

हस्क चिप्स धुण्यात आळस करू नका. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. रात्रभर भिजवा, पाणी ओतून द्या, असं तीनदा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं येतं, तिसरं फिकट व्हायला हवं. जमलं तर शेवटच्या भिजवणीत लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून १२ तास ठेवा आणि मग साध्या पाण्याने धुवा. चिप्सना चिकटलेल्या सोडियमची जागा कॅल्शियम घेतं. हे केलं नाही तर नंतर तेच चिप्स तुमच्या खतातलं कॅल्शियम ओढून घेतात आणि कोवळ्या पानाला मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. हातमोजे घाला. हे झाड अळूच्याच कुळातलं आहे. अळूची खाज ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे येते, त्याच सुया याच्याही रसात असतात. डोळ्याला हात लावू नका, मांजर-कुत्रं असेल तर दार लावून घ्या.

कुंडी आडवी करून बाजूंनी दाबा. भोकांतून आलेली मुळं मागे ओढू नका, कुंडीच कात्रीने उभी कापा. गोळा खोलीच्या तापमानाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. कोकोपीट फुगून सैल होतं. मग लाकडी काडीने खालून वर, बाहेरून आत असं मोकळं करत जा. वरून खाली ओरबाडलं की मुळांची टोकं तुटतात, आणि पाणी घेण्याचं काम मुख्यतः टोकामागचा कोवळा भागच करतो.

मुळाचा रंग फसवतो. कोकोपीटमध्ये राहिलेलं निरोगी मूळही तपकिरी दिसतं, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. एकेक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. चांगलं असेल तर ते शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखं टणक लागतं. कुजलं असेल तर त्याचं साल मोज्यासारखं सरकून बोटांत येतं, आत केसासारखी एक शीर उरते आणि गटाराचा वास येतो. असं मूळ टणक भाग लागेपर्यंत मागे कापा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा.

दालचिनीची पूड मुळांना लावायचा सल्ला सगळीकडे दिसतो. ती कोरडं करते. खोडाच्या कापाला ठीक, मुळांना नको. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकावरही विसंबू नका. ओल्या कुंडीत मुळं कुजवणाऱ्यांत पिथियम वारंवार असतं, ती खरी बुरशी नव्हे आणि हे औषध तिच्यावर चालत नाही. कुजलेलं कापणं आणि उरलेल्याला हवा देणं, खरा उपाय तोच.

लावताना खोडाची पातळी आधी होती तितकीच ठेवा. मिश्रण चहूबाजूंनी ओतून कुंडी टेबलावर आपटत आपटत बसवा, अंगठ्याने दाबू नका. मुळं कापली असतील तर पहिले दोन दिवस पाणी नको. चिप्स धुतलेले, ओलसर असतातच, तेवढ्यात कापलेल्या जागा सुकतात.

---

शेवाळखांब

खांबाचं मी सांगते, कारण या झाडाची खरी मजा खांबावर आहे. मेलॅनोक्रायसम मूळचं कोलंबियाचं, दमट जंगलात झाडांवर चढणारं. १८७३ साली लिंडेन आणि आंद्रे यांनी त्याला हे नाव दिलं, ग्रीक शब्दांवरून, काळं आणि सोनं. कोवळेपणीची छोटी मखमली पानं आणि चढल्यानंतरची दोन फुटी लांब पानं इतकी वेगळी दिसतात की मोठ्या रूपाला पूर्वी आंद्रेआनम असं वेगळं नाव होतं. पेरांची मुळं ओल्या पृष्ठभागात शिरली नाहीत तर झाड वर्षानुवर्षं त्या ९ इंचांतच अडकतं. काथ्याची काठी पाणी धरत नाही, दोन तासांत कोरडी. मुळं तिला नुसती चिकटतात, त्यातून मिळत काही नाही.

चिकटलेली मुळं सोलू नका. काठीवरचा काथ्या मुळांच्या वर आणि खाली ब्लेडने कापा, मुळासकट तो तुकडा उलगडून घ्या आणि तसाच नवीन खांबात दाबा. काथ्याचा तो तुकडा आत राहिल्याने काही बिघडत नाही.

खांब गोल करण्यापेक्षा अर्धगोल करा. मागे जाड प्लास्टिकची अडीच इंच रुंद पट्टी, पुढे ४ इंच रुंदीची प्लास्टिकची किंवा प्लास्टिक चढवलेली अर्धा इंची जाळी, दोन्ही कडांना दर तीन इंचांवर केबल टाय. अशी जाळी नागदेवी स्ट्रीटला मीटरवर मिळते. बिनप्लास्टिकची लोखंडी घेऊ नका, ओल्या मॉसमध्ये ती एका पावसाळ्यात गंजते. मागची पट्टी पाणी उडू देत नाही, त्यामुळे गोल खांबाला रोज पाणी लागतं तिथे याला दोन-तीन दिवस चालतं.

दोन फुटी खांबाला साधारण ५० ग्रॅम सुकं स्फॅग्नम मॉस लागेल. भिजवून मुठीत पिळा: थेंब थेंब पडायला हवेत, धार नको. चार भाग मॉसला एक भाग परलाइट मिसळा. ठासून भरू नका. फार दाबलेलं मॉस आतून हिरवट-काळं होऊन आंबतं आणि मुळं शिरत नाहीत. फार सैल भरलं तर महिन्याभरात चार बोटं खाली बसतं. बोट रुतेल पण आरपार जाणार नाही, इतपत.

आणि हे बहुतेक जण चुकतात: खांबाचा जो भाग कुंडीच्या आत जातो, तळापासून मिश्रणाच्या पातळीपर्यंत, त्यात मॉस भरायचं नाही. तिथे नुसते हस्क चिप्स. नाहीतर खांबातून उतरणारं सगळं पाणी कुंडीच्या पोटात साठतं आणि बाकी मिश्रण कितीही मोकळं केलंत तरी मधोमध एक ओली वात राहते.

खांब कुंडीच्या मधोमध न ठेवता एका कडेला भिंतीला टेकवा आणि भिंतीला भोकं पाडून दोन केबल टायनी बांधा. हलणारा खांब मुळांची नवीन टोकं घासून टाकतो. झाडाची मुळांची बाजू खांबाकडे, पानांची बाजू उजेडाकडे. बांधायचं ते पेराच्या लगत खोडावर. देठाला बांधलं तर पान उजेडाकडे वळू शकत नाही आणि देठ मुरगळतो. मऊ वेल्क्रो पट्टी चांगली, सुतळीवर या दिवसांत चार दिवसांत बुरशी येते. शेंड्याचा कोंब मोकळाच ठेवा.

पाणी खांबाच्या माथ्यावर ओता, हळूहळू. बाटलीच्या झाकणाला सुईने दोन छिद्रं पाडून ती वर उलटी ठेवली की तासाभरात झिरपतं.

---

कुंडीतलं_जंगल

मुळाक्षर, दोन दिवस कोरडं ठेवायला माझा विरोध आहे. एक-दोन मुळं कापली असतील तर लगेच भरपूर पाणी घालून निथळू द्यावं. मोकळ्या मिश्रणात मुळांभोवती पोकळ्या राहतात आणि पहिल्या पाण्याने कण मुळांना जाऊन लागतात. पोकळीत लोंबकळणारं बारीक मूळ दोन दिवसांत सुकून जातं. बरीच कापली असतील तेव्हा थांबणं ठीक, आणि तेव्हाही चिप्स खरोखर ओलसर आहेत ना ते हाताने पाहून.

फाटलेल्या पानाबद्दल कोणी बोललं नाही. ऑगस्टमध्ये मुलुंडला हवा कोरडी असते असं कोणी म्हणणार नाही, त्यामुळे आर्द्रतेला दोष देऊ नका. खोलीत एसी चालत असेल आणि झोत झाडावर येत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दोन शक्यता. एक, कुजलेल्या मुळांमुळे कोवळ्या पानाला कॅल्शियम पोचलं नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि जुन्या पानातून नव्यात जात नाही. दोन, थ्रिप्स, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. मखमली पानावर ते लवकर दिसत नाहीत. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून पानाची मागची बाजू पाहा: चंदेरी ओरखडे, त्यात काळे ठिपके, शिरेलगत तांदळाच्या कणीहून लहान पिवळट लांबट किडे. सापडले तर कुंडी बदलण्याआधी फवारणी. स्पिनोसॅड ४५ एससी, लिटरला ०.३ मिली, संध्याकाळी, आधी एका पानावर करून पाहा. सात दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पानाच्या आत असतात, त्यांना औषध लागत नाही. कडुनिंबाचं तेल या पानांवर नको. मखमल तेल धरून ठेवते आणि ऊन लागलं की तिथे डाग पडतात.

पाण्याचं. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा वगैरे सात तलावांचं, म्हणजे पावसाचं. त्यात क्षार कमी. टँकर बहुतेकदा बोअरचा, त्याचा भरवसा नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घ्या. दीडशेच्या आत असेल तर निश्चिंत घाला, तीनशेच्या वर असेल तर झाडाला नको. नळाचं पाणी दोन बादल्या साठवून ठेवणं सोपं. मॉसच्या खांबाला तर जड पाणी कधीच नको. पाणी माथ्यावरून उडतं, क्षार तिथेच साठतात आणि वरची मुळं, जी सगळ्यात महत्त्वाची, ती टोकाला करपतात. पानांवर फवाराही मारू नका, मखमलीवर पांढरे ठिपके राहतात ते निघत नाहीत.

मऊ पाण्याची उलटी बाजू म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम वरून द्यावं लागतं. चार आठवड्यांनी, नवीन मूळ दिसल्यावर: लिटरला ०.५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, पुढच्या आठवड्यात ०.३ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, त्याच्या पुढे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) अर्धा ग्रॅम. कॅल्शियमवालं आणि सल्फेटवालं घट्ट द्रावण एका बाटलीत कालवू नका, तळाला जिप्सम बसतं आणि झाडाला दोन्ही मिळत नाहीत.

पावसाळ्यात कुंडी बदलू नये हा नियम बारीक कोकोपीट आणि बंद खोली धरून झालाय. मोकळं मिश्रण आणि चार-पाच फुटांवरून मंद फिरणारा पंखा असेल तर ऑगस्टची ओली हवा मुळं कापलेल्या झाडाला उलट मदत करते, पानांतून पाणी कमी उडतं. खरी अडचण उजेडाची. ढगाळ दिवशी दुपारी खिडकीत हात धरा. भिंतीवर सावली पुसट का होईना दिसायला हवी. दिसत नसेल तर फूटभर अंतरावरून पांढरा एलईडी, रोज बारा तास.

---

मुलुंड_पूर्वखिडकी

काढून पाहिलं. थ्रिप्स नाहीत. मुळांच्या मधोमध काळ्या कापडाची लिंबाएवढी पिशवी निघाली, तिच्यातून मुळं आरपार गेली आहेत. पिशवीतलं मिश्रण काळं, चिकट, आणि सगळी कूज तिथेच. बाहेरची मुळं टणक. एकूण तिसरा हिस्सा गेला असेल. पिशवी फाडू का? आणि झाड आत्ता बादलीत आहे, किती वेळ राहील? शेंडा कापून वेगळा लावू का, खालचं नाही जगलं तर निदान तो राहील?

---

मुळाक्षर

पिशवी काढायचीच. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली, रोपं अशा बिनविणीच्या कापडात वाढवून विकतात. बाहेरची मुळं सुकली तरी ती आत ओली राहते आणि कूज गाभ्यातून सुरू होते. बारीक टोकाच्या कात्रीने चार जागी उभी चिरा, पाकळ्यांसारखी उघडा. आतला गाळ नळाच्या बारीक धारेखाली धुवून टाका. जिवंत मूळ ज्या तुकड्यातून गेलंय तो कापडाचा तुकडा तसाच राहू द्या, ओढलात तर मूळ जाईल.

बादलीत तास-दीड तास बिनधास्त. आज रात्रीपर्यंत जमणार नसेल तर मुळं ओल्या मॉसमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत सैल बांधा, उद्यापर्यंत काही होत नाही.

शेंडा कापू नका. दोन तृतीयांश मुळं टणक आहेत, हे झाड उठेल. मुळांवर आणि खोडावर एकाच वेळी घाव घातला तर दोन्ही तुकडे अर्धमेले राहतात. कुंडी ५ इंचीच ठेवा. मुळं इतकी कापताय तर पाण्याबाबत कुंडीतलं_जंगल म्हणतात तसं हाताने पाहूनच ठरवा.

आठ-दहा दिवस पानं थोडी खाली मान घालतील, एखादं जुनं पिवळं पडेल, त्यावर पाणी वाढवू नका. दोन ते चार आठवड्यांत कुंडीच्या भिंतीला पांढरी टोकं दिसायला हवीत. ती दिसेपर्यंत खत नाही. शेंड्याचं आवरण तपकिरी पडून मऊ झालं तर मात्र वाट पाहू नका, झाड बाहेर काढून पुन्हा तपासा. चिलटं दिसली तर पिवळे चिकट कागद लावा आणि पाण्यात बीटीआय (चिलटांच्या अळ्या मारणारे जिवाणू) घाला, पण चिलटं येतायत म्हणजे वरचा थर ओला राहतोय, आधी तो सुकू द्या.

---

शेवाळखांब

एक भर. खांब आत्ताच चार फुटी करू नका. दोन फुटीच्या माथ्याला शेंडा पोचायला चार बोटं उरली की त्याच मापाचा दुसरा तुकडा वर ठेवून मागून दोन केबल टायनी जोडा. झाड पोचायच्या आत भरून ठेवलेलं मॉस नुसतंच भिजत-सुकत राहतं, त्यावर शेवाळ चढतं आणि मुळं पोचेपर्यंत ते जुनं होऊन बसलेलं असतं.